ख्रिस्ती जीवनात मौन आणि जिभेचा संयम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं रोजच्या वापरासाठी आहेत. शास्त्रसंदर्भ जागोजागी दिले आहेत. ते उघडून, मागची-पुढची वचनं धरून वाचावेत. या विषयावर सुटं वचन फार लवकर दिशाभूल करतं.

मौन म्हणजे नुसतं गप्प बसणं का?

नाही. 'मौन' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो आणि बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे देवापुढचं मौन: ठरलेल्या वेळी, काही न मागता, त्याच्यासमोर बसणं. दुसरी म्हणजे मितभाषण: दिवसभराच्या बोलण्यावर पहारा ठेवणं. तिसरी म्हणजे आतली शांतता: ओठ मिटल्यावरही मनात जी उलटतपासणी आणि उत्तरं-प्रत्युत्तरं चालू राहतात, तीही निवणं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठातल्या जीवनासाठी नियम लिहिले. त्यातलं सहावं प्रकरण याच विषयावर आहे. त्याच्या शीर्षकात त्याने जो लॅटिन शब्द योजला आहे, 'ताचितुर्नितास', त्याचा रोख निःशब्दतेपेक्षा बोलणं आवरतं घेण्याच्या सवयीकडे आहे. बोलायचं असतं, पण बोलण्याला लगाम असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले अब्बा पोइमेन सांगत की एखादा माणूस वरून गप्प दिसतो, पण मनात दुसऱ्यांना दोषी ठरवत असेल तर तो अखंड बडबडतच असतो. आणि दुसरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलूनही मौनी असू शकतो, कारण तो उपयोगाविना काही बोलत नाही. पुढची सगळी उत्तरं वाचताना ही कसोटी हाताशी ठेवावी.

पवित्र शास्त्रात याला खरंच इतकं महत्त्व आहे का?

याकोबाचं पत्र घ्या. पाचच अध्यायांचं आहे, आणि पाचही अध्यायांत बोलण्याचा विषय येतो: ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे असा (१:१९), ज्याचा जिभेला लगाम नाही त्याचं धर्माचरण व्यर्थ (१:२६), न्याय होणार आहे हे ओळखून बोला (२:१२), तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेवरच, मग एकमेकांविरुद्ध बोलू नका (४:११), कुरकुर करू नका आणि शपथा वाहू नका (५:९, १२).

तिसऱ्या अध्यायातला विस्तव सगळ्यांच्या लक्षात राहतो. एवढीशी ठिणगी आणि केवढं रान! पण त्याआधी याकोबाने दोन दाखले दिले आहेत, ते आपण घाईत ओलांडतो. घोड्याच्या तोंडातला लगाम आणि तारवाचं सुकाणू. दोन्ही वस्तू वळवण्यासाठी असतात. लगाम घातलेला घोडा तबेल्यात उभा करून ठेवण्यासाठी नसतो. जीभ जिथे वळते तिथे माणूस वळतो, असं याकोब म्हणतो. म्हणून किती शब्द बोललो याची मोजदाद करण्यापेक्षा बोलणं कुठे नेत आहे ते बघणं जास्त गरजेचं आहे.

आठव्या वचनात तो म्हणतो की जिभेला कोणीही माणूस वश करू शकत नाही. मग प्रयत्न कशाला, असं वाटेल. स्तोत्र १४१:३ त्याचं उत्तर आहे. तिथे दावीद 'मी माझ्या तोंडावर पहारा ठेवीन' असं म्हणत नाही. परमेश्वराने पहारा बसवावा अशी विनंती करतो. सकाळी उठल्यावर पहिला शब्द कोणाशी बोलण्याआधी हे एक वचन म्हणण्याची सवय लावा. दहा सेकंद पुरतात.

नीतिसूत्रांत तर जागोजाग आहे: १०:१९, १२:१८, १५:१, १८:१३, २६:२०. शेवटचं विशेष कामाचं. लाकूड संपलं की विस्तव विझतो, कानाशी लागणारा नसला की भांडण मिटतं. 'शब्दाने शब्द वाढतो' हे आपण म्हणतोच; इथे तो वाढू न देण्याचा उपायही आहे: आपण लाकूड टाकायचं नाही.

मत्तय १२:३६ मधल्या 'व्यर्थ शब्दा'चा अर्थ काय? मग हसणं-बोलणं, गप्पा, विनोद सगळं पाप?

असं नाही. मूळ ग्रीक शब्द 'आर्गोस' आहे, म्हणजे काम न करणारा, रिकामा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात बाजारात रिकामे उभे असलेल्या मजुरांसाठी हाच शब्द आला आहे (मत्तय २०:३). व्यर्थ शब्द म्हणजे जो काहीच काम करत नाही, किंवा बोलणाऱ्याला वाटतं की त्याने काही होणार नाही. आणि प्रसंग पाहा: येशूने एका माणसाला बरं केलं, तेव्हा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, सहज म्हणून गेले की हा भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने भुतं काढतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या बोलण्याने पवित्र आत्म्याच्या कामाला दूषण लागलं. येशू बोट ठेवतो ते अशा बेफिकीर बोलण्यावर.

थकलेल्या माणसाला हसवणारी गप्पागोष्ट काम करते. ती व्यर्थ नाही. पण ज्या विनोदात नेहमी एकच माणूस लक्ष्य असतो आणि तोही नाइलाजाने हसत असतो, तो विनोद जरूर तपासा.

'पण मी सांगितलं ते खरंच होतं.' मग ती निंदा कशी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर.

ख्रिस्ती नीतिशास्त्रात बोलण्याची पापं वेगवेगळी ओळखली आहेत आणि तो भेद उपयोगाचा आहे. खोटं सांगून एखाद्याचं नाव बिघडवणं ही बदनामी. खरा, पण झाकलेला दोष, पुरेसं कारण नसताना तो ठाऊक नसलेल्यांना सांगणं ही निंदा. याचं तिकडे आणि त्याचं इकडे सांगून दोघांत फूट पाडणं ही चहाडी, म्हणजे कान भरणं. तोंडावर अपमान करणं वेगळं आणि एखाद्याची फजिती करून त्याला लाजवणं आणखी वेगळं. पुरावा नसताना मनातल्या मनात कोणाला दोषी धरणं हा उतावळा न्याय. तो तोंडातून बाहेर पडला नाही तरी मोजला जातो.

म्हणजे 'खरं आहे' एवढ्याने बदनामीचा आरोप टळतो, निंदेचा टळत नाही. माणसाचं नाव त्याचं असतं. त्याचा एक दोष आपल्याला कळला म्हणून तो वाटायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. पुरेसं कारण असेल, उदाहरणार्थ कोणाला इजा टाळायची असेल, तर गोष्ट बदलते. ते पुढे येईल.

तेराव्या शतकातले थॉमस अक्वायनस चहाडीला निंदेपेक्षाही जड ठरवतात. कारण निंदेने नाव जातं, चहाडीने मित्र जातो, आणि बाह्य संपत्तीत मित्रासारखं दुसरं काही नाही. आपण मात्र उलट वागतो. निंदा करताना थोडं तरी चाचरतो; 'तुला म्हणून सांगते, ती तुझ्याबद्दल काय म्हणाली' हे प्रेमाच्या नावाखाली बिनदिक्कत सांगून टाकतो.

ऐकणाराही यातून सुटत नाही. उत्सुकतेने 'मग पुढे काय झालं?' विचारणं म्हणजे लाकूड टाकणं. ऐकायचं नसेल तर सरळ वाक्यं हाताशी ठेवा: 'हे तू त्यांच्याशी बोललास का?' किंवा 'ते इथे नाहीत, आपण हा विषय नको घेऊया.' आवाज मऊ असू द्या. उपदेशाचा सूर लागला की समोरच्याला आपण धडा शिकवत आहोत असं वाटतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

प्रार्थनासभेत दुसऱ्यासाठी विनंती करताना चहाडी होते का?

होऊ शकते, आणि ओळखू येत नाही, कारण तिच्या अंगावर भक्तीचे कपडे असतात. तीन गोष्टी पाळा. एक, त्या व्यक्तीची परवानगी घ्या. 'सभेत तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, आणि काय सांगू?' असं विचारा. दोन, तिने जेवढं सांगायला सांगितलं तेवढंच सांगा. तीन, परवानगी नसेल तर नाव नको, आणि ओळख पटेल असा तपशीलही नको. 'एका कुटुंबासाठी, ते कठीण काळातून जात आहे' एवढं पुरे. देवाला नाव-गाव माहीत आहे.

जिथे चुकतं ती जागा बहुतेक प्रार्थनेनंतरची असते. आमेन झाल्यावर 'नक्की काय झालंय?' अशी कुजबुज सुरू होते. सभा चालवणाऱ्याने आमेननंतर लगेच गीत किंवा वाचन घ्यावं. साधा उपाय आहे, पण चालतो.

बोलण्याआधी नेमकं काय तपासायचं?

इफिसकरांस पत्र ४:२९ एवढं एक वचन पाठ असलं तरी भागतं. त्यात 'कुजकं' या अर्थाचा जो शब्द आहे, तोच जाळ्यातले टाकाऊ मासे (मत्तय १३:४८) आणि वाईट झाड (मत्तय ७:१७) यांच्यासाठी वापरला आहे. मग पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की बोलणं उन्नती करणारं, गरजेप्रमाणे आणि ऐकणाऱ्यांना कृपा देणारं असावं. त्यातला 'गरजेप्रमाणे' हा शब्द आपण नेहमी गाळतो. आपल्याला बोलायची गरज आहे, की समोरच्याला ऐकायची?

सरावासाठी काही ठोस गोष्टी:

समोरच्याचं वाक्य पूर्ण झाल्यावर एक संथ श्वास घ्या, मग बोला. नीतिसूत्रे १८:१३ ऐकून घेण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा म्हणतं. मतभेद असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा आणि 'बरोबर कळलं का?' विचारा. तो हो म्हणेपर्यंत आपलं मत राखून ठेवा. त्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लागू शकत असेल तर आधी तो धरा. येशूसंघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात ती साधना घेणाऱ्या-देणाऱ्यांसाठी हीच अट सुरुवातीला घातली होती.

हिशेब ठेवायचा असेल तर त्यासाठीही त्याचीच जुनी पद्धत आहे. एकच दोष निवडा, उदाहरणार्थ मध्येच तोडून बोलणं. सकाळी उठल्यावर तो टाळण्याचा निश्चय करा. कागदावर सात दिवसांसाठी प्रत्येकी दोन ओळी आखा. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या ओळीवर, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या ओळीवर जितक्यांदा चुकलो तितक्या खुणा करा. दुसरी ओळ पहिलीशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहा. चूक होताक्षणी छातीवर हात ठेवा; चारचौघांतही कोणाला कळत नाही, पण आपल्याला कळतं.

दोन चुका इथे हमखास होतात. एकदम चार दोष निवडले की आठवड्यात वही बंद पडते. आणि खुणा वाढल्या की लोक निराश होतात. पहिल्या आठवड्यात त्या वाढतातच, कारण आधी लक्षच नव्हतं.

राग आला असताना गप्प राहिलं की आतल्या आत कुढायला होतं. त्यापेक्षा बोलून मोकळं झालेलं बरं नाही का?

कुढणं खरं आहे, आणि शास्त्र ते लपवत नाही. स्तोत्र ३९ मध्ये दावीद तोंडाला लगाम घालतो, चांगलं बोलण्यापासूनही गप्प राहतो, आणि त्याचं दुःख वाढतं, अंतःकरण तापतं. मग तो बोलतो, पण कोणाशी? परमेश्वराशी. वाट तिथून आहे. राग माणसावर ओतण्याआधी देवापुढे ओता, शब्द न निवडता. स्तोत्रसंहितेत अशा तक्रारी भरपूर आहेत. त्या वाचून दाखवल्या तरी चालतं.

मग जे उरेल ते त्या माणसाशी बोला, कारण बोलायचं आहेच. इफिसकरांस ४:२६ सूर्य मावळण्याआधी राग निवावा असं सांगतं. त्याचा अर्थ रात्री बारा वाजता थकलेल्या जोडीदाराला बसवून भांडण संपवा, असा नाही. 'मी आत्ता रागात आहे, चुकीचं बोलेन. उद्या सकाळी चहाच्या वेळी बोलूया' एवढं सांगितलं तरी राग अर्धा निवतो. वेळ सांगणं महत्त्वाचं. वेळ न सांगता गप्प झालात तर त्याचा अबोला होतो.

अबोल्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. अबोला म्हणजे मौन नव्हे. मौनात आपण आपली जीभ आवरतो. अबोल्यात आपण समोरच्याला शिक्षा करतो. घरात एक माणूस तीन दिवस बोलत नाही, भांडी आपटतो, विचारलं तर 'काही नाही' म्हणतो. एकही शब्द न उच्चारता तो पोइमेनच्या अर्थाने अखंड बडबडत असतो. मुलं हे सगळं ऐकत असतात.

कोणी चुकत असेल तर त्याला बोलायचं की नाही?

बोलायचं. लेवीय १९:१६ चहाडी करत फिरू नको म्हणतं आणि लगेच पुढचं वचन शेजाऱ्याची कानउघाडणी अवश्य कर म्हणतं. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, कारण दोन्ही एकाच कामाच्या दोन बाजू आहेत: दोष मागे बोलू नये, समोर बोलावा.

क्रम मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. आधी एकट्याने, दोघांतच. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना घेऊन. तरी नाही तर मंडळीला सांगून. आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर जातो, म्हणजे 'सल्ला घ्यायला' म्हणून चार जणांना सांगतो, आणि दोषी माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. एकट्याने जाताना एकच प्रसंग घ्या, जुनी यादी नको. 'तू नेहमीच' हा शब्द टाळा. आणि तो चुकला हे गृहीत न धरता काय घडलं ते विचारा. संदेष्टा नाथान पाप केलेल्या दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने आधी दाखला सांगितला आणि न्याय दावीदाच्याच तोंडून करवला (२ शमुवेल १२).

नीतिसूत्रे २६:४ मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतं, २६:५ दे म्हणतं. हा विरोध नाही. कधी काय करायचं हे प्रसंगावरून ठरवायचं असतं, नियमाने नाही, एवढंच ती जोडी शिकवते.

येशू न्यायसभेपुढे गप्प राहिला. मग आपल्यावर अन्याय झाला तर आपणही सोसायचं का?

येशू महायाजक कयफापुढे गप्प राहिला (मत्तय २६:६३), रोमी सुभेदार पिलातापुढे आरोपांना त्याने उत्तर दिलं नाही (२७:१४), हेरोदाने पुष्कळ विचारलं तरी काही बोलला नाही (लूक २३:९). पण त्याच रात्री कामदाराने तोंडात मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं: मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर का मारतोस? (योहान १८:२३). त्याने आपली सुटका करून घेण्यासाठी बोलणं टाळलं. सत्य आणि अन्याय यांच्याबाबत तो गप्प बसला नाही. पौलाने फिलिप्पैमध्ये चौकशीविना फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांना स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं असं सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७), आणि पुढे कैसराकडे दाद मागितली (२५:११).

आणि दुसऱ्यावर अन्याय होत असताना मूग गिळून गप्प बसायला शास्त्रात आधार नाही. नीतिसूत्रे ३१:८-९ मुक्यांसाठी तोंड उघड म्हणतं. लेवीय ५:१ नुसार साक्षीदार असून न सांगणारा दोषी ठरतो.

मुलांवर किंवा दुर्बळांवर अत्याचार, मारहाण, लैंगिक शोषण, पैशांची लूट अशा गोष्टींत मत्तय १८ ची पायरी लावू नका. पीडित व्यक्तीला 'आधी एकट्याने जाऊन बोल' असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हातात देणं. पोलिस आणि बालसंरक्षण यंत्रणा यांना कळवा, आणि पीडिताला सुरक्षित जागी न्या. 'मंडळीचं नाव जाईल' या कारणाने पाळलेल्या गुप्ततेला मौन म्हणू नये. तिने पुढच्या बळीची सोय होते.

कोणी विश्वासाने सांगितलेलं किती जपायचं?

कॅथोलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. चर्चच्या कायद्याने ती मोहर अभंग मानली आहे. आपल्या-तुपल्यातला विश्वास त्या प्रकारचा नसतो. म्हणून 'कोणाला सांगणार नाहीस ना?' असं विचारल्यावर लगेच वचन देऊ नका. 'कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका नसेल तर नाही सांगणार' असं म्हणा. एवढी मर्यादा आधी सांगितली की पुढे वचन मोडावं लागत नाही. बाकी सगळं जपायचं, जोडीदारापासूनही. 'नवऱ्या-बायकोत काही लपवायचं नसतं' हे आपल्या गुपितांबद्दल ठीक आहे, दुसऱ्याच्या नाही.

दुःखात असलेल्यांना भेटायला गेल्यावर काय बोलावं?

फार थोडं. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र संकटात सापडलेल्या ईयोबाजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं (ईयोब २:१३). तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला (४२:७).

'देवाची इच्छा', 'त्याला फुलं आवडतात म्हणून नेलं', 'यातून काहीतरी चांगलं निघेल', 'माझ्या मावशीचंही असंच झालं' ही वाक्यं घरी ठेवून जा. जवळ बसा. गेलेल्याचं नाव घ्या. 'मी आहे' म्हणा आणि मग खरोखर राहा: पाणी भरून ठेवा, फोन घ्या, मुलांना सांभाळा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण पंधरा दिवसांनी पुन्हा जा. तेव्हा घर रिकामं झालेलं असतं.

देवापुढचं मौन रोज कसं पाळायचं? मन तर जागेवर राहत नाही.

सुरुवात पाच मिनिटांनी करा. दोन आठवडे जमलं की दहा. तासभर बसायची प्रतिज्ञा करणारे बहुधा तिसऱ्या दिवशी थांबतात. वेळ आणि जागा एकच ठेवा. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला (मार्क १:३५). फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, फक्त आवाज बंद करून भागत नाही. पाठ ताठ, पाय जमिनीवर. आधी एखादं लहान वचन दोनदा वाचा, उदाहरणार्थ स्तोत्र ६२:१ किंवा विलापगीत ३:२६, आणि मग पुस्तक मिटा.

मन भटकणारच. भटकलं हे लक्षात आलं की त्याच्याशी भांडू नका, वचनातला एक शब्द मनात म्हणा आणि परत या. वीसदा भटकलात आणि वीसदा परत आलात तर ती वीस वेळा केलेली प्रार्थना आहे. विसरलेलं काम आठवलं तर जवळच्या कागदावर दोन शब्द लिहा आणि सोडून द्या. झोप येत असेल तर खरंच झोप कमी पडते आहे. वेळ बदला किंवा लवकर झोपा.

मन रिकामं करणं हा इथे हेतू नाही. ख्रिस्ती मौनात कोणीतरी समोर असतो. आपण त्याच्याकडे लक्ष देतो. आवाज ऐकू यावा, काही अनुभव यावा म्हणून ताटकळत बसू नका. एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर मंद वाणी ऐकू आली (१ राजे १९), पण तो त्याआधी चाळीस दिवस चालला होता आणि सुरुवातीला तो झोपला होता आणि देवदूताने त्याला उठवून खाऊ घातलं होतं, हेही त्याच अध्यायात आहे.

मठांतले लोक आयुष्यभर बोलत नाहीत, मौनाची शपथ घेतात, हे खरं का?

सर्वसाधारण समज चुकीचा आहे. बेनेडिक्टच्या नियमांनुसार तीन वचनं दिली जातात: एकाच समुदायात स्थिर राहणं, मठाच्या रीतीने जीवन बदलत नेणं, आणि आज्ञापालन. मौनाची स्वतंत्र शपथ त्यात नाही. नियम आहेत: भोजनाच्या वेळी शांतता आणि एकाने वाचन (प्रकरण ३८), रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन, पाहुणा आला किंवा मठाधिपतीने काही सांगायचं ठरवलं तर अपवाद (प्रकरण ४२). नम्रतेच्या बारा पायऱ्यांपैकी नववी, दहावी आणि अकरावी बोलण्या-हसण्याविषयी आहेत. १०८४ मध्ये ब्रुनोने सुरू केलेल्या कार्थुसियन परंपरेत मौन फार कडक आहे, तरी तिथेही आठवड्यातून एकदा लांब फेरफटका असतो आणि त्यात सगळे एकमेकांशी बोलतात.

घरी यातलं घेण्यासारखं काय? रात्रीचं मौन. झोपण्याआधीच्या प्रार्थनेनंतर पडदा पाहायचा नाही, निरोप पाठवायचे नाहीत, दिवसाचे वाद उकरायचे नाहीत. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना तो अबोला वाटेल. आजारी किंवा लहान मुलांची गरज आली तर बोला; बेनेडिक्टने पाहुण्यासाठी सोडलेला अपवाद याच जातीचा आहे.

मी मुळातच अबोल आहे. मग मला यात करण्यासारखं काही नाही ना?

स्वभाव आणि सद्गुण वेगळे. कमी बोलणाऱ्याने स्वतःला विचारावं: जिथे कौतुक, माफी किंवा विचारपूस करायला हवी होती तिथेही मी गप्प होतो का? कलस्सैकरांस ४:६ बोलणं कृपायुक्त आणि मिठाने रुचकर असावं म्हणतं. ते आधी असावं लागतं.

साक्ष द्यायची असेल तर मौन कसं चालेल?

'सुवार्ता सांगा, गरज पडलीच तर शब्द वापरा' हे वाक्य आसिसीच्या फ्रान्सिसच्या नावावर सगळीकडे फिरतं. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही, आणि तो गावोगावी फिरून उपदेश करणारा माणूस होता. १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हणतं, पण ते 'विचारणाऱ्याला' आणि 'सौम्यतेने'. न विचारलेल्याला लांबलचक उत्तर देणं हा त्या वचनाचा भाग नाही.

१ करिंथकरांस १४:३४ मध्ये स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे. त्याचं काय?

त्याच अध्यायात 'गप्प राहा' हे क्रियापद तिघांसाठी आहे: अर्थ सांगणारा नसताना अन्य भाषेत बोलणारा (वचन २८), दुसऱ्याला प्रकटीकरण झालं असता बोलत असलेला संदेष्टा (वचन ३०), आणि स्त्रिया (वचन ३४). ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. त्यामुळे सरसकट तोंड बंद असा अर्थ लावणं त्याच पत्राशी जुळत नाही. सभेत कोणती सेवा कोणी करावी यावर चर्चेसची मतं वेगवेगळी आहेत. पण घरातल्या बाईला गप्प करण्यासाठी हे वचन वापरणं, हा त्याचा उघड गैरवापर आहे.

फोनवरचे निरोप, गट, टिप्पण्या यांनाही हेच लागू?

हो, आणि थोडं जास्त कडकपणे, कारण लिहिलेलं उरतं, पुढे जातं आणि त्याला आवाज नसतो. रागात लिहिलेला निरोप सकाळपर्यंत न पाठवता ठेवा. पाहणाऱ्यांची संख्या आधी मोजा: गटात दोनशे जण असतील तर एकाची चूक दाखवताना एकशे नव्याण्णव जणांसमोर बोलत आहात. त्याला वेगळा निरोप पाठवा. कोणी आजारी असल्याचा, मेल्याचा, पकडल्याचा निरोप स्वतः खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नका. 'जसा आला तसा' हे तीन शब्द लावल्याने जबाबदारी जात नाही.

बोलून गेलो. आता काय करू?

तोंडावर दुखावलं असेल तर त्याच दिवशी जा, जमेल तितक्या लवकर. काय बोललो ते नाव घेऊन सांगा: 'मी तुला सर्वांसमोर आळशी म्हणालो, ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.' 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे वाक्य वापरू नका. त्यात दोष त्याच्या भावनांकडे जातो. आपल्या रागाची कारणं त्या वेळी सांगू नका. क्षमा लगेच मिळालीच पाहिजे असा आग्रहही नको.

मागे बोललो असू तर काम जास्त आहे. ज्यांना सांगितलं त्यांची यादी करा. सांगितलेलं खोटं असेल तर प्रत्येकाला जाऊन 'मी सांगितलं ते खरं नव्हतं' असं स्पष्ट म्हणा. गटात लिहिलं असेल तर त्याच गटात लिहा, खासगीत नाही. सांगितलेलं खरं असेल तर 'खोटं होतं' म्हणता येत नाही, ते दुसरं पाप होईल. तिथे 'ते मी सांगायला नको होतं, पुढे सांगू नका' म्हणा, आणि त्या माणसाचं जे चांगलं तुम्हाला माहीत आहे ते त्याच लोकांना सांगा, एकदाच नाही, प्रसंग येईल तसं.

ज्याच्याविषयी बोललो त्याला अजून काहीच कळलेलं नसेल, तर मन हलकं करण्यासाठी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगू नका. त्याला नवी जखम होते आणि ओझं तुमच्याकडून त्याच्याकडे जातं. देवापुढे कबूल करा, हवं तर पाळकांशी किंवा पापनिवेदनात बोला, आणि यादीतल्या माणसांकडे जा. त्याच्या कानावर गेलेलं असेल, किंवा जाणार हे दिसत असेल, तर मात्र दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुम्हीच जा.